हातच्याची परीक्षा



प्राथमिक शाळेत बेरीज शिकताना आपण सर्वांनी एक वाक्य शेकडो वेळा म्हटलेले आहे : “सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक.” हा हातचा दिसायला लहान, परंतु तो विसरला की पुढची सारी बेरीज कोसळते आणि वहीवर लाल शाईचे वर्तुळ उमटते. संगणकाच्या अंतरंगात बेरीज करणारे जे विद्युत्-मंडल असते, त्यालाही हातचा सांभाळावा लागतो, आणि रचना चुकली तर तेही तो विसरते. फरक इतकाच, की वहीतील चूक खोडता येते. चिपमध्ये कायमची कोरलेली चूक खोडता येत नाही. म्हणून मंडल प्रत्यक्ष घडविण्यापूर्वीच त्याची परीक्षा घ्यावी लागते. ही परीक्षा संगणकावर साध्या आज्ञा लिहून कशी घेतात, आणि ती घेताना परीक्षकाचेच कसे चुकू शकते, हे या लेखात पाहावयाचे आहे.

जिन्यावरचा दिवा

दुमजली घराच्या जिन्यावर एकच दिवा असतो; पण त्याची एक कळ खाली आणि दुसरी वर असते. खालची कळ दाबून दिवा लावावा, वर जाऊन दुसऱ्या कळीने तो मालवावा, अशी ही सोय. नीट पाहिले तर या दिव्याचा नियम मोठा मौजेचा आहे. दोन्ही कळा एकाच बाजूस असतील तर दिवा बंद. एक या बाजूस व दुसरी त्या बाजूस असेल तर दिवा चालू. कळीच्या एका स्थितीस ० व दुसरीस १ म्हणू, आणि दिवा बंद म्हणजे ०, चालू म्हणजे १ असे मानू. मग ० व ० यांचे उत्तर ०. ० व १ यांचे १. १ व ० यांचेही १. आणि १ व १ यांचे पुन्हा ०.

या नियमाप्रमाणे वागणाऱ्या मंडलास ‘एक्स-ऑर’ गेट म्हणतात. गेट म्हणजे तर्काचे द्वार. अशी आणखी दोन द्वारे आपणास लागतील. ‘अँड’ द्वारातून १ बाहेर पडण्यासाठी दोन्ही बाजूंनी १ यावा लागतो. ‘ऑर’ द्वारास कोणत्याही एका बाजूचा १ पुरतो.

तर्काचे असे गणित मांडता येते, हे इंग्लंडमधील लिंकन गावच्या एका चांभाराच्या मुलाने, जॉर्ज बूल याने दाखविले. विद्यापीठाचे शिक्षण न घेता स्वतःच्या अभ्यासाने तो गणिती झाला, आणि १८५४ साली त्याने आपला प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या हयातीत या गणिताचा विजेशी काही संबंध आहे, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पुढे १९३७ साली क्लॉड शॅनन या अवघ्या २१ वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात सिद्ध केले, की विजेच्या कळांची मंडले आणि बूलचे गणित ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत. आजच्या सर्व संगणकांची उभारणी या एका ओळखीवर झालेली आहे.

हातच्याचे मंडल

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संगणक द्विमान पद्धतीने, म्हणजे केवळ ० आणि १ या दोन अंकांनी मोजतो. तेथे एक आणि एक मिळून दोन होतात खरे, पण दोन हा अंकच नसल्यामुळे ते ‘१०’ असे लिहावे लागतात : शून्य लिहावयाचे आणि हातचा एक.

एका घरातील बेरीज करावयाची तर तीन गोष्टी हाती येतात : पहिल्या संख्येचा अंक अ, दुसऱ्या संख्येचा अंक ब आणि उजवीकडील घरातून आलेला हातचा ह. बाहेर दोन गोष्टी द्यावयाच्या : त्या घरात लिहावयाचा अंक स, आणि डावीकडील घरास द्यावयाचा नवा हातचा न. हे काम पाच द्वारांनी होते :

एक्स-ऑर (प, अ, ब);
एक्स-ऑर (स, प, ह);
अँड (फ, अ, ब);
अँड (भ, प, ह);
ऑर (न, फ, भ);

प्रत्येक ओळीत कंसातील पहिले अक्षर हे द्वारातून बाहेर पडणाऱ्या तारेचे नाव आहे आणि पुढील दोन अक्षरे आत येणाऱ्या तारांची नावे आहेत. पहिल्या दोन ओळी म्हणजे जिन्यावरचाच दिवा, पण आता त्यास तीन कळा आहेत. उरलेल्या तीन ओळी हातच्याच्या. हातचा केव्हा निर्माण होतो? अ व ब दोन्ही १ असतील तर, हे फ सांगतो. किंवा त्यांपैकी एकच १ असेल आणि मागून हातचा आलेला असेल तर, हे भ सांगतो. या दोहोंपैकी काहीही घडले तरी नवा हातचा निघतो. अ, ब आणि ह हे तीन पंच मानले, तर न म्हणजे त्यांच्या बहुमताचा निर्णय होय.

वर दिलेल्या ओळी या कल्पित नाहीत. मंडलांचे वर्णन करण्यासाठी ‘व्हेरिलॉग’ नावाची एक भाषा आहे. ती १९८४ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाली आणि १९९५ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे स्वरूप मिळाले. तिच्यात लिहिताना शब्द रोमन लिपीत लिहावे लागतात. येथे ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. वर ‘मॉड्यूल’ हा शब्द, मंडलाचे नाव व त्याच्या तारांची यादी, शेवटी ‘एंडमॉड्यूल’ हा शब्द, आणि मध्ये या पाच ओळी, एवढे लिहिले की एका घराच्या बेरजेचे मंडल कागदावर उतरले.

आज्ञेचा मार्ग

कागदावरील मंडल चालते की नाही, हे पाहण्यासाठी सिम्युलेटर वापरतात. सिम्युलेटर म्हणजे खऱ्या मंडलाच्या वागण्याची हुबेहूब नक्कल करून दाखविणारी आज्ञावली. आमच्या शाळेत आम्ही ‘आयकॅरस व्हेरिलॉग’ ही आज्ञावली वापरतो. स्टीफन विल्यम्स या अमेरिकन गृहस्थांनी ती तयार केली असून ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. आयकॅरस हे ग्रीक पुराणकथेतील एका मुलाचे नाव होय. मेणाने चिकटविलेले पंख लावून तो सूर्याच्या फार जवळ गेला आणि मेण वितळून समुद्रात पडला. उड्डाणापूर्वी पंखांची परीक्षा घ्यावी, हा त्या कथेचा बोध आपल्या विषयास चांगलाच लागू पडतो.

या आज्ञावलीत चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर एक लुकलुकणारी खूण असते, आणि तिच्यापुढे कळफलकावरून आज्ञा लिहावयाची असते. यालाच कमांड लाइन म्हणतात. कामाच्या पायऱ्या तीनच आहेत. पहिली : मंडलाचे वर्णन साध्या अक्षरांत लिहून ‘डॉट व्ही’ या शेवटाच्या नावाने फाइल जतन करावी. दुसरी : ‘आयव्हेरिलॉग’ ही आज्ञा लिहून तिच्यापुढे ‘डॅश ओ’, तयार व्हावयाच्या फाइलचे नाव आणि आपल्या फाइलींची नावे द्यावीत. तिसरी : ‘व्हीव्हीपी’ ही आज्ञा लिहून त्या तयार झालेल्या फाइलचे नाव द्यावे. मग उत्तरे ओळीने पडद्यावर उमटतात.

नवख्या विद्यार्थ्यास येथे एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. दुसरी आज्ञा बिनचूक पार पडली, तर संगणक काहीच बोलत नाही. “झाले”, “शाबास” असे काही न म्हणता तो केवळ पुढच्या आज्ञेसाठी खूण दाखवितो. मुले म्हणतात, “सर, काहीच झाले नाही.” वस्तुतः सर्व काही झालेले असते. चूक असेल तेव्हा मात्र तो फाइलचे नाव व ओळीचा क्रमांक सांगतो. एखाद्या ओळीच्या शेवटचे अर्धविराम-चिन्ह राहून गेले असेल, तर पुष्कळदा तो त्याच्या पुढील ओळीकडे बोट दाखवितो. म्हणून सांगितलेल्या ओळीत दोष दिसला नाही, तर तिच्या वरची ओळ वाचावी.

चित्रे काढून मंडल जोडता येते अशाही आज्ञावल्या आहेत आणि त्या दिसायला अधिक मनोरंजक आहेत. परंतु लिहिलेल्या आज्ञेचा एक मोठा गुण असा, की ती उद्या, परवा, वर्षानेही जशीच्या तशी पुन्हा देता येते. एक-दोन परीक्षा घ्यावयाच्या असोत की हजार, आज्ञा तीच. शिवाय जुन्या, मंद संगणकावरही हे काम सुखाने चालते.

सोळा बरोबर उत्तरे

मंडलाबरोबर आणखी एक फाइल लिहावी लागते. तिला टेस्टबेंच म्हणतात. आपण तिला प्रश्नपत्रिका म्हणू. मंडलास कोणते ० आणि १ द्यावयाचे व त्याची उत्तरे कशी छापावयाची, हे तिच्यात लिहिलेले असते. मंडल हा विद्यार्थी, प्रश्नपत्रिका काढणारे आपण, आणि सिम्युलेटर हा परीक्षागृहातील प्रामाणिक पर्यवेक्षक. जे विचारले त्याचे उत्तर तो आणून देतो; जे विचारले नाही त्याविषयी तो मौन बाळगतो.

याचा धडा आम्हांला एका विज्ञान-प्रदर्शनाच्या तयारीत मिळाला. नववीतील एका हुशार विद्यार्थ्याने एका घराची चार मंडले ओळीने जोडून ० ते १५ या संख्यांची बेरीज करणारे मंडल लिहिले होते. प्रत्येक घराचा नवा हातचा त्याच्या डावीकडील घरात जात असे. त्याने प्रश्नपत्रिकाही मोठ्या कौशल्याने काढली होती. उत्तरे पडताळणे सोपे जावे म्हणून त्याने प्रत्येक संख्या तिच्यातच मिळविली : ० अधिक ०, १ अधिक १, २ अधिक २, असे थेट १५ अधिक १५ पर्यंत. उत्तरे म्हणजे बेचा पाढाच. सोळाच्या सोळा उत्तरे बरोबर आली. मी स्वतः ती तपासली, त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली आणि मंडल पुठ्ठ्यावर रेखाटण्यास परवानगी दिली.

त्या संध्याकाळी त्याची सहावीतील बहीण त्याला घरी नेण्यास आली होती. तिने पडद्याकडे पाहून विचारले, “दादा, पाच आणि तीन किती ते विचार ना.” त्याने विचारले. पडद्यावर ०१०० असे उत्तर आले. द्विमान पद्धतीत ०१०० म्हणजे चार. पाच आणि तीन मिळून चार!

आम्ही तिघेही काही क्षण स्तब्ध होतो. मग फाइल उघडून पाहिली. पाच ओळींपैकी चौथी ओळ त्याने लिहिलीच नव्हती आणि पाचव्या ओळीऐवजी फ हाच नवा हातचा म्हणून पुढे दिला होता. म्हणजे दोन्ही अंक १ असतील तेव्हाच हातचा निघे. अंकांपैकी एकच १ असून मागून हातचा आला, तर तो तेथेच गडप होई. पाच म्हणजे ०१०१ आणि तीन म्हणजे ००११. उजवीकडच्या पहिल्या घरात हातचा निघाला. दुसऱ्या घरात ० व १ होते, तेथे तो नाहीसा झाला.

मग सोळा उत्तरे बरोबर का आली? यातच सारे मर्म आहे. संख्या स्वतःतच मिळविली, की प्रत्येक घरातील दोन्ही अंक सारखेच असतात. एकतर दोन्ही ० किंवा दोन्ही १. असे असता चौथ्या द्वाराचे कधी कामच पडत नाही. जे द्वार मंडलात नव्हतेच, ते लागावे असा एकही प्रश्न आम्ही विचारला नव्हता. त्यानंतर आम्ही प्रश्नपत्रिकेत एक चक्र लिहून ० ते १५ च्या सर्व २५६ जोड्या त्या सदोष मंडलास विचारल्या. त्यांपैकी ९२ उत्तरे चुकीची निघाली. सोळांपैकी सोळा बरोबर, आणि तरीही २५६ पैकी ९२ चूक! चूक विद्यार्थ्याची होती तितकीच माझीही होती. त्याने एक ओळ गाळली. मी तर प्रश्नपत्रिका न वाचताच निकालावर सही केली.

‘माहीत नाही’ असे सांगणारे यंत्र

चौथी ओळ घातल्यावर आणखी एक मजेदार प्रसंग घडला. पाचव्या ओळीत भ या अक्षराऐवजी घाईत दुसरेच अक्षर पडले, आणि काही उत्तरांत ० किंवा १ ऐवजी ‘एक्स’ हे अक्षर दिसू लागले. व्हेरिलॉगमध्ये ० आणि १ यांखेरीज आणखी दोन चिन्हे आहेत. कोठेच न जोडलेली, लोंबकळणारी तार ‘झेड’ने दाखवितात, आणि ज्याचे मूल्य सांगता येत नाही ते ‘एक्स’ने दाखवितात. चुकीच्या अक्षरामुळे सिम्युलेटरने त्या नावाची नवीच तार गृहीत धरली आणि ती कशासही जोडलेली नव्हती.

तथापि सगळीच उत्तरे एक्स का आली नाहीत? ऑर द्वाराचा नियम आठवा. फ जर १ असेल, तर दुसरी तार काहीही असो, उत्तर १ च. फ जर ० असेल, तर मात्र निर्णय दुसऱ्या तारेवर. आणि तिचे मूल्य अज्ञात, म्हणून उत्तरही अज्ञात. एका साक्षीने निकाल लागत असेल, तर दुसऱ्या साक्षीदाराच्या गैरहजेरीने बिघडत नाही. लागत नसेल, तर न्यायाधीशाने “मला माहीत नाही” असेच म्हणावे. तारेचे मूल्य ठाऊक नसता अंदाजाने उत्तर ठोकून देण्यापेक्षा अज्ञान कबूल करणे किती उपयोगी पडते, हे त्या दिवशी मुलांना कळले. आज्ञेत ‘डॅश डब्ल्यू-ऑल’ हे शब्द घातले, तर अशी अघोषित तार आढळताच सिम्युलेटर आधीच इशारा देतो. ती सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

चालत जाणारा हातचा

खऱ्या द्वारातून वीज पार होण्यास थोडा वेळ लागतो. सिम्युलेटरला तोही सांगता येतो. आम्ही प्रत्येक द्वारास एक मात्रा वेळ दिला आणि ० अधिक ० या स्थितीवरून एकदम १५ अधिक १ विचारले. उत्तर १६ यावयास हवे. ते आलेही, पण कसे आले ते पाहा. दुसऱ्या मात्रेस पडद्यावर १४ दिसले, तिसऱ्या मात्रेस १२, पाचव्या मात्रेस ८, सातव्या मात्रेस ० आणि आठव्या मात्रेस १६.

मंडल चुकले नव्हते. उजवीकडच्या घरात निघालेला हातचा एकेक घर चालत डावीकडे जात होता, आणि तो पोहोचेपर्यंत दूरच्या घरांना त्याची वार्ता नव्हती. आपणही ९९९९ मध्ये १ मिळविताना हातचा असाच एकेका घरातून पुढे नेतो. म्हणूनच संगणकात एक घड्याळ असते. सर्व हातचे मुक्कामी पोहोचावेत इतका वेळ गेल्यावाचून उत्तर वाचावयाचे नाही, हे बंधन ते पाळते. घरे वाढली की ही वाट लांबते. हातचा अधिक लवकर पोहोचावा म्हणून अभियंत्यांनी निराळ्या, अधिक गुंतागुंतीच्या रचना शोधून काढल्या आहेत. त्यांचा विचार पुढे महाविद्यालयात होईल.

पाच रिकाम्या जागा

आमच्या चुकीची किंमत पुठ्ठ्याचा एक तावही नव्हती. परंतु हीच जातीची चूक जगातील एका मोठ्या कारखान्यासही भोवली आहे. १९९४ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली हे जुळ्या मूळसंख्यांवर संशोधन करीत होते. ज्या दोन मूळसंख्यांत २ चा फरक असतो, उदाहरणार्थ ११ व १३, त्यांना जुळ्या म्हणतात. अशा संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करताना त्यांच्या उत्तरांत विसंगती येऊ लागली. एकेक शंका दूर करीत त्यांनी दाखवून दिले, की दोष त्यांच्या आज्ञावलीत नसून संगणकातील पेंटियम चिपमध्येच आहे.

ही चिप भागाकार करताना आत साठविलेल्या एका कोष्टकाचा आधार घेई. त्या कोष्टकात १०६६ नोंदी असावयास हव्या होत्या. त्यांपैकी ५ चिपवर उतरल्याच नाहीत. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले असता १·३३३८२०४ यावयास हवे. ही चिप १·३३३७३९० असे उत्तर देई. त्या पाच रिकाम्या जागांवर पाय पडण्याचे प्रसंग इतके विरळ होते, की स्वैर निवडलेल्या संख्यांच्या सुमारे ९ अब्ज भागाकारांत एकदा चूक येईल, असा कारखान्याचाच हिशेब होता. कारखान्याच्या परीक्षेत त्या जागा आल्याच नाहीत. अखेर इंटेल कंपनीस मागेल त्यास चिप बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली, आणि त्यापायी ४७·५ कोटी डॉलरांचा बोजा तिने आपल्या हिशेबात दाखविला.

पाच गाळलेल्या नोंदी आणि एक गाळलेली ओळ यांत तत्त्वतः भेद नाही. दोन्ही ठिकाणी मंडलाचा एक कोपरा रिता राहिला, आणि दोन्ही ठिकाणी प्रश्न विचारणारे त्या कोपऱ्याकडे फिरकले नाहीत.

सर्वच प्रश्न विचारावेत काय?

यावर कोणी म्हणेल, “मग सगळेच प्रश्न विचारून टाकावेत.” चार घरांच्या बेरजेस २५६ प्रश्न पुरतात, ते ठीक. परंतु आजच्या संगणकात ३२ घरांची बेरीज ही अगदी सामान्य गोष्ट आहे. तेथे जोड्यांची संख्या किती होईल? दोनाचा ६४ वा घात, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. सेकंदास १०० कोटी प्रश्न विचारले, तरी ही प्रश्नपत्रिका संपावयास सुमारे ५८४ वर्षे लागतील.

येथे यंत्राचे बळ संपते आणि माणसाच्या बुद्धीचे काम सुरू होते. आपले मंडल एकाच प्रकारच्या घरांचे बनलेले आहे. एका घरात येणाऱ्या तारा तीन, म्हणून त्याचे एकूण प्रश्न आठच. त्या आठही प्रश्नांची उत्तरे बरोबर आहेत, हे सिम्युलेटरवर पाहून घ्यावे. मग विचार असा करावा : उजवीकडचे पहिले घर बरोबर असेल, तर दुसऱ्या घरास मिळणारा हातचा बरोबर असतो, दुसरे घर बरोबर असल्याने तिसऱ्यास मिळणारा हातचाही बरोबर असतो, आणि असेच शेवटपर्यंत. घरांची जोडणी योग्य असेल, तर ३२ काय आणि ६४ काय, सारी बेरीज बरोबर आलीच पाहिजे. ५८४ वर्षांचे काम आठ प्रश्नांनी व चार वाक्यांच्या सिद्धतेने आटोपले. पेंटियमच्या प्रकारानंतर मोठमोठ्या कारखान्यांतही अशा गणिती सिद्धतेने मंडले तपासण्याकडे अधिक लक्ष पुरविले जाऊ लागले, ते याच कारणाने.

आमच्या विद्यार्थ्याने हे आठ प्रश्न सुरुवातीसच विचारले असते, तर दोन उत्तरे तत्काळ चुकीची दिसली असती. सोळा प्रश्नांनी जे सापडले नाही, ते आठांनी सापडले असते. प्रश्नांची संख्या नव्हे, त्यांची निवड महत्त्वाची.

पडद्यावरून पाटीवर

सिम्युलेटरवर उत्तीर्ण झालेले मंडल आम्ही पुढे खरोखर जोडले. एका घरास दोन एक्स-ऑर, दोन अँड व एक ऑर द्वार लागते. बाजारात मिळणाऱ्या ७४८६ क्रमांकाच्या चिपमध्ये एक्स-ऑरची, ७४०८ मध्ये अँडची व ७४३२ मध्ये ऑरची प्रत्येकी चार द्वारे असतात. म्हणून चार घरांस पहिल्या दोन प्रकारच्या दोन दोन व तिसऱ्या प्रकारची एक, अशा पाच चिपा पुरल्या. तिन्ही प्रकारांत १४ पाय असतात. चौदाव्या पायास ५ व्होल्ट आणि सातव्या पायास ऋण टोक जोडावे लागते.

पहिल्या दिवशी दिवे लागलेच नाहीत. एक तार सैल होती. सिम्युलेटरला सैल तार ठाऊक नसते, उलटी बसविलेली चिप ठाऊक नसते, उतरलेला विद्युत्-घट ठाऊक नसतो. तो आपल्या विचारातील चूक दाखवितो, हातातील नाही. तरीही त्याचा उपकार असा, की दिवे लागले नाहीत तेव्हा रचनेविषयी आमच्या मनात शंका नव्हती; शोध केवळ तारांचाच घ्यावयाचा होता, आणि तो दहा मिनिटांत लागला. प्रदर्शनाच्या दिवशी पहिला प्रश्न विचारण्याचा मान आम्ही त्या धाकट्या बहिणीस दिला. तिने अर्थातच पाच आणि तीन विचारले. चौथ्या घराचा एकच दिवा लागला : १०००, म्हणजे आठ.

मित्रांनो, आपले उत्तर बरोबर आले की आपण आनंदित होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वेळी स्वतःला एक प्रश्न अवश्य विचारावा : “मी चुकलो असतो, तर या परीक्षेत ते दिसले असते काय?” या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती परीक्षा घेतली न घेतली सारखीच. गणितात, विज्ञानात आणि स्वतःच्या मतांविषयीही हा प्रश्न उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. अ, ब व ह यांच्या आठही स्थिती लिहून प्रत्येकीस स व न काय येतील ते कोष्टकात मांडा. चौथी ओळ गाळलेल्या मंडलात कोणत्या दोन स्थितींत न चुकतो, ते शोधा.

२. त्या सदोष मंडलात ७ अधिक १ चे उत्तर काय येईल? ५ अधिक २ चे उत्तर मात्र बरोबर का येते? आधी कागदावर करा, मग सिम्युलेटरवर पडताळा.

३. ऑगस्टस डी मॉर्गन हा बूलचा समकालीन गणिती १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मला. त्याचा नियम असा : “पाऊस व वारा दोन्ही आहेत” हे खोटे असणे, म्हणजे “पाऊस नाही किंवा वारा नाही” हे खरे असणे. हा नियम दोन निरनिराळ्या मंडलांनी लिहून, चारही स्थितींत त्यांची उत्तरे सारखी येतात हे आज्ञा देऊन दाखवा. येथे चारच प्रश्न का पुरतात, हेही एका वाक्यात लिहा.